हरणाऱ्या मताचे मोल

ज्या सभेचा निकाल अगोदरच ठरून गेला आहे, त्या सभेत उठून विरुद्ध बाजूने बोलणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजात निरनिराळी मते ऐकू येतात. कोणी त्यास बाणेदार म्हणतो, कोणी हेकट म्हणतो. पुष्कळ लोक मात्र यांपैकी काहीच म्हणत नाहीत. ते इतकेच विचारतात की, याचा उपयोग काय? हा प्रश्न दिसावयास साधा व व्यवहारी असला, तरी सार्वजनिक नीतीतील एक अवघड कोडे त्याच्या पोटात आहे. मत हे जिंकण्याचे साधन आहे, की आपणांस जे खरे वाटते ते सांगण्याचे कर्तव्य आहे? ते साधन म्हणावे, तर हरणारे मत म्हणजे मोडके हत्यार ठरते आणि शहाण्याने ते उचलण्याच्या भरीस पडू नये. ते कर्तव्य म्हणावे, तर आपल्या बाजूस किती हात वर होतील याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. परंतु मग नुसत्या हट्टासही कर्तव्याचे नाव घेऊन मिरविता येईल. या दोन टोकांच्या मध्ये सत्य कोठे आहे, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहो.

असले प्रश्न कोरड्या तर्काने सुटत नाहीत. कोणा एका माणसाच्या आयुष्यात तो प्रश्न कसा उभा राहिला आणि त्याने तो कसा सोडविला, हे पाहिले म्हणजे विचारास काही आधार मिळतो. पुणेकरांस यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची सारी कारकीर्द म्हणजे हरणाऱ्या मताचा एक दीर्घ इतिहास होय. १८९९ साली ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले, १९०२ मध्ये वरिष्ठ कौन्सिलात बसले, आणि १९१५ साली मृत्यू येईपर्यंत तेथे राहिले. या पंधरा वर्षांत ज्या सभागृहांत ते बोलले, त्यांपैकी बहुतेकांत त्यांच्या बाजूचे बहुमत होणे जवळजवळ अशक्यच होते, आणि हे त्यांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

ही अशक्यता कोणा व्यक्तीच्या दुष्टपणातून आलेली नव्हती. ती कायद्यातच घालून ठेविलेली होती. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील बिनसरकारी सभासदांस अंदाजपत्रकावर भाषण करण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा दिली. परंतु अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार दिला नाही. म्हणजे सरकारने जमाखर्च मांडावा, सभासदांनी त्यावर बोलावे, आणि बोलणे संपले की सर्वांनी उठावे, असा तो प्रकार होता. १९०९ च्या सुधारणांनंतर ठराव आणून त्यावर मते घेता येऊ लागली खरी. पण वरिष्ठ कौन्सिलात सरकारी अंमलदारांचे बहुमत जाणून बुजून राखलेले होते. अशा सभागृहात शिरणाऱ्या माणसाने विजयाची आशा धरणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतून तो भरण्याची वाट पाहण्यासारखे होते.

मग गोखले तेथे गेले तरी कशासाठी? याचे उत्तर त्यांच्या उमेदवारीच्या काळात सापडते. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा १८८४ साली पदवीधर झाला, पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागला, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या कामास लागला. सभेचे अर्ज तयार करावयाचे म्हणजे सरकारी अहवालांतील आकड्यांचे ढीग उपसावयाचे, आणि इतके करून सरकारकडून उत्तर यावयाचे ते दोन ओळींचे. तरुण गोखल्यांस याचा वैताग आला. तेव्हा रानड्यांनी त्यांस जे सांगितले, ते गोखल्यांनीच पुढे नमूद करून ठेविले आहे. त्याचा भावार्थ असा की, हे अर्ज नावाला सरकारास लिहिलेले असतात. खरोखर ते लोकांस लिहिलेले असतात. या गोष्टींचा विचार कसा करावा हे लोकांस शिकावयाचे आहे. या देशात असले राजकारण अगदी नवे आहे. म्हणून दुसऱ्या कोणत्याही फळाची अपेक्षा न धरता हे काम पुष्कळ वर्षे करीत राहिले पाहिजे.

कौन्सिलात गेल्यावर गोखल्यांनी हीच शिकवण चालविली. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या वर्षी खजिन्यात कोट्यवधी रुपयांची शिल्लक पडली होती आणि सरकार तीस भरभराटीची खूण म्हणत होते. गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले की, दुष्काळाने लोक खंगले असता खजिना मात्र फुगला आहे, याचा अर्थ कर गरजेहून जड आहेत. मिठावरील कर गरिबाच्या तोंडच्या घासावर बसतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. त्या भाषणावर मतदान झाले नाही. होणे शक्यच नव्हते. परंतु १९०३ साली मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर व १९०७ साली एक रुपयावर आला. हे सर्व एका माणसाच्या वक्तृत्वाचे फळ होते, असे म्हणणे धाडसाचे होईल. सरकारास त्यात आपली सोयही दिसली असेल. पण कर कमी करण्याचे कारण सभागृहात कोणीच मांडले नसते, तर ती सोय इतक्या लवकर दिसली असती की नाही, याचीही शंकाच आहे.

येथवर आमचे वाचक कदाचित आमच्याबरोबर येतील. परंतु विरुद्ध पक्षाचे म्हणणे याहून पुष्कळ बळकट आहे, आणि ते पूर्णपणे ऐकून न घेता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात : निष्फळता हा या मार्गाचा खरा दोष नाही, खरा दोष असा की, हरणारा सभासद जिंकणाऱ्याच्या उपयोगी पडतो. सरकारास सभागृहाची शोभा हवी असते. सगळेच होयबा असतील, तर जग हसेल. म्हणून एखादा सुशिक्षित, मृदुभाषी, आकडेबाज विरोधक तेथे असणे सरकारच्या पथ्यावरच पडते. तो बोलतो, सरकार ऐकून घेतल्यासारखे करते, आणि मग पाहिजे तेच करते. मात्र आता ते चर्चा करून केले, असे सांगता येते. म्हणजे त्या बिचाऱ्याच्या विरोधानेच अन्यायास रीतसरपणा येतो. लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबई कौन्सिलात स्वतः निवडून गेले होते. पण राष्ट्राचे खरे बळ सभागृहाबाहेर, लोकांत निर्माण केले पाहिजे, हाच त्यांचा आग्रह राहिला, आणि त्या आग्रहाच्या मुळाशी हा आक्षेपही होताच.

हा आक्षेप गोखल्यांस ठाऊक नव्हता असे नाही. १९०१ साली मुंबई सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात एक दुरुस्ती आणिली. सारा न भरल्यामुळे सरकारजमा झालेल्या जमिनी पुन्हा देताना त्या विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क शेतकऱ्यास असू नये, असा तिचा रोख होता. सावकारापासून कुळाचे रक्षण करण्यासाठी हे करितो, असे सरकारचे म्हणणे. शेतकऱ्याची पत आणि मालकी दोन्ही यात बुडतात, असे लोकपक्षाचे म्हणणे. नुकताच मोठा दुष्काळ पडून गेला होता, आणि निदान हे बिल काही काळ पुढे ढकलावे, ही विनंतीही मान्य होईना. तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले, आणि त्यांच्याबरोबर गोखले व आणखी काही सभासदही उठून गेले. अशी गोष्ट तोपर्यंत घडलेली नव्हती. म्हणजे सभागृह सोडून जाण्याची वाट गोखल्यांनी चालून पाहिली होती. असे असता ते पुन्हा आत का गेले?

आमच्या मते याचे उत्तर असे. उठून जाणे हे एक वाक्य आहे. ते योग्य वेळी उच्चारले म्हणजे त्याचा अर्थ साऱ्या देशास कळतो. पण ते रोज उच्चारता येत नाही. एकदा बाहेर पडल्यावर पुढच्या वर्षी मिठाविषयी कोण बोलणार, शाळांविषयी कोण बोलणार, हा प्रश्न उरतोच. बाहेर राहून लोकजागृती करणाऱ्यांचे काम थोर आहे. परंतु त्याने आतील काम होत नाही. सभागृहात बसल्याने अन्यायास थोडीबहुत शोभा येते हे खरे. पण तेथे कोणीच नसल्याने अन्याय थांबतो असेही नाही. तेव्हा आत राहावे की बाहेर जावे, याचा कायमचा नियम करता येत नाही. आत असलेला माणूस ती शोभा वाढवितो आहे की तिच्यावर प्रश्न करितो आहे, हेच प्रत्येक वेळी पाहावे लागते. आणि हे पाहण्यास गोखल्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या पराभवासारखे दुसरे उदाहरण नाही.

१९१० साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने पाऊल टाकावे असा ठराव वरिष्ठ कौन्सिलात आणिला, आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो परत घेतला. आश्वासनातून काही निघेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःच एक बिल मांडले. ते बिल वाचले म्हणजे त्यातील सावधपणा पाहून आश्चर्य वाटते. सक्ती साऱ्या देशावर लादावयाची नव्हती. ज्या म्युनिसिपालिटीच्या किंवा लोकल बोर्डाच्या हद्दीत ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, त्याच ठिकाणी, त्या संस्थेची इच्छा असल्यास, आणि सरकारची परवानगी मिळाल्यावर, सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेत धाडणे आईबापांवर बंधनकारक व्हावे, एवढेच त्यात होते. खर्चासाठी स्थानिक कर बसविण्याची तरतूद होती आणि मोठा वाटा सरकारने उचलावा अशी अपेक्षा होती. हे काही स्वप्नरंजन नव्हते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता, आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला होता. जे एका देशी संस्थानिकास साधले, ते हिंदुस्थान सरकारास का साधू नये, हा साधा प्रश्न होता.

बिल मते मागविण्यासाठी देशभर फिरविले गेले, आणि मार्च १९१२ मध्ये पुन्हा सभागृहापुढे आले. ते सिलेक्ट कमिटीकडे पाठवावे, एवढीच त्या वेळी सूचना होती. दोन दिवस वादविवाद होऊन मते घेतली गेली : बाजूने १३, विरुद्ध ३८. विरुद्ध गेलेल्यांत केवळ सरकारी अंमलदारच नव्हते. आपले काही वजनदार देशबांधवही त्यांत होते, हे विसरून चालणार नाही. शेतकऱ्याचे पोर शिकले तर शेतावर कोण राबेल, ही धास्ती काही साहेबांचीच मिरास नव्हती. मतदानापूर्वी समारोप करताना गोखल्यांनी सांगितले की, दिवस मावळण्यापूर्वी आपले बिल फेटाळले जाणार हे आपणांस ठाऊक आहे आणि त्याबद्दल आपली तक्रार नाही. आपल्या पिढीच्या वाट्यास अपयशानेच देशसेवा करण्याचे काम आले आहे.

अपयशाने देशसेवा कशी होते? येथे एक सोपे उत्तर पुढे येते, आणि ते मोह पाडणारे आहे. ते असे की, आज हरलेले मत उद्या जिंकते. या उत्तरास पुरावाही भरपूर आहे. गोखल्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १९१८ साली, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात म्युनिसिपालिट्यांस सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. १९५० च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाचे ध्येय राज्यापुढे ठेविले; २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क ठरविला; आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अमलात आला. तेरा मतांच्या त्या पराभवास तेव्हा ९८ वर्षे झाली होती. त्याच १९१२ च्या मार्च महिन्यात गोखल्यांनी आणखी एक ठराव हरला होता : करारबंद मजूर म्हणून हिंदी माणसांस परदेशी नेण्याची पद्धत बंद करावी, हा. तो ३३ विरुद्ध २२ मतांनी पडला. पुढे १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा आणिला तेव्हा सरकारने तो मान्य केला, आणि १९१७ साली मजूरभरती थांबली.

हे सर्व खरे आहे, आणि तरीही या उत्तराने आमचे समाधान होत नाही. उद्या जिंकणार म्हणून आजचे हरणे योग्य, असे मानले तर आपण पुन्हा पहिल्याच जागी आलो. मत हे जिंकण्याचेच साधन ठरले, फक्त हप्ते लांबणीवर पडले. शिवाय ज्यांच्या पराभवाचा पुढे विजय झाला, त्यांचीच नावे इतिहास लक्षात ठेवितो. जी मते हरली आणि कायमची हरली, त्यांचे काय? ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा न्याय भूतकाळास लावून आपण शहाणपण शिकलो असे म्हणणे बरोबर नव्हे. मत देणाऱ्यास पुढचे शतक दिसत नसते. म्हणून त्याच्या कृतीचे मोल असे काही पाहिजे, की जे त्याच दिवशी, त्या मोजणीच्या क्षणीच पुरे होते.

असे मोल कोणते, हे पुण्याच्याच एका जुन्या प्रसंगावरून अधिक स्पष्ट होईल. गोखल्यांच्या आधी पाव शतक, १८७६ पासून १८८२ पर्यंत, महात्मा जोतीराव फुले पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. ते लोकांनी निवडलेले नव्हते. सरकारनेच नेमलेले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुण्यातील आगमनाच्या वेळी त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याची सूचना म्युनिसिपालिटीपुढे आली. हेच लिटनसाहेब १८७८ साली देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदा करून गेलेले. करदात्यांचा पैसा अशा स्वागतात घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे म्हणून बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरुद्ध मत दिले. या एका मताने काय झाले? ठराव पडला नाही. त्यातून पुढे कायदा झाला नाही. सरकारने ज्यास नेमले त्याने सरकारच्याच पाहुण्यास नकार द्यावा, यात लाभ तर काहीच नव्हता. तरी त्या एका मताने एक गोष्ट केली : हे सारे पुणे शहराने एकमताने केले, असे म्हणण्याची सोय त्याने कायमची नाहीशी केली.

आमच्या दृष्टीने हरणाऱ्या मताचे पहिले मोल हे आहे. बहुमतास निर्णय करण्याचा अधिकार असतो. पण सर्वांची संमती होती, असे सांगण्याचा अधिकार नसतो. तो खोटेपणा एका हातानेही अडविता येतो, आणि तो हात वर होताच काम पुरे होते. त्यास उद्याच्या विजयाची वाट पाहावी लागत नाही. दुसरे मोल असे की, विरोध झाला म्हणजे बहुमतास कारणे सांगावी लागतात. गोखल्यांचे बिल आले नसते, तर सरकारास शाळा का नकोत हे कधीच सांगावे लागले नसते. बिल आले, म्हणून सरकारला बोलावे लागले : लोकांची मागणी नाही, पैसा नाही, सक्तीवाचूनच प्रसार करणे बरे. ही कारणे एकदा कागदावर आली की त्यांची शहानिशा करता येते. गप्प बसून केलेला अन्याय भिंतीसारखा असतो. कारणे देऊन केलेल्या अन्यायास निदान दार असते, आणि ते कधी ना कधी ठोठावता येते. तिसरे मोल सर्वांत साधे आहे. प्रतिनिधीचे मत ही त्याची खाजगी मालमत्ता नव्हे. ती दुसऱ्यांची ठेव आहे. ठेव परत करताना बाजारभाव पाहावयाचा नसतो. ज्या मुलांस शाळा मिळणार नव्हती, त्यांच्या बाजूचे म्हणणे सभागृहात पोहोचविणे एवढेच गोखल्यांच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी केले.

परंतु याच विचारातून हट्टासही आश्रय मिळू नये म्हणून काही अटी घालणे अवश्य आहे. हरणाऱ्या माणसाजवळ संख्या नसते, सत्ता नसते. त्याचे सारे भांडवल म्हणजे त्याच्या शब्दावरील लोकांचा विश्वास. म्हणून त्याने जिंकणाऱ्यापेक्षा अधिक अभ्यास केला पाहिजे. गोखल्यांच्या अंदाजपत्रकी भाषणांमागे सोलापूरचे विद्वान शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या माणसांचे आकड्यांचे श्रम होते, आणि स्वतः गोखल्यांचे जागरण होते. दुसरी अट सत्याची. १८९७ साली इंग्लंडात असता, पुण्यातील मित्रांच्या पत्रांवर विसंबून, प्लेगच्या बंदोबस्तावरील सोल्जरांविरुद्ध त्यांनी एक अत्यंत गंभीर आरोप केला. परत आल्यावर त्यास पुरावा देणे त्यांस शक्य झाले नाही. घरे तपासताना झालेल्या छळाची आठवण पुणेकरांच्या मनात ताजी होती. त्यामुळे माघार घेणे म्हणजे स्वकीयांचा रोष ओढवून घेणे होते. तरी त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. पुष्कळांनी त्यांस भेकड म्हटले. आज मागे वळून पाहता असे दिसते की, सिद्ध न होणारा शब्द परत घेण्याची तयारी ज्याने त्या वेळी दाखविली, त्याचेच आकडे पुढे पंधरा वर्षे प्रतिपक्षासही मुकाट्याने ऐकावे लागले.

तिसरी अट लहान कामाची. वरिष्ठ कौन्सिलात व्हाइसरॉयसमोर उभे राहून हरण्यात एक प्रकारचे वैभव आहे. वृत्तपत्रे ते भाषण छापतात. परंतु गोखले त्याच काळात पुणे म्युनिसिपालिटीचे अध्यक्षही होते, आणि प्लेगाने वारंवार पछाडलेल्या शहराच्या पाण्याची, गटारांची व झाडलोटीची चौकशी करण्यात टाळ्या मिळत नाहीत. जो मोठ्या सभेत हरतो आणि लहान सभेत येतच नाही, त्याच्या पराभवाविषयी संशय घेण्यास जागा आहे. पराभवाचीही चटक लागते. आपण एकटेच शुद्ध, बाकी सारे विकलेले, ही भावना गोड असते. ती एकदा जडली म्हणजे जिंकण्याची संधी आली असताही माणूस ती हातची जाऊ देतो. गोखल्यांचे बिल इतके सावध होते, याचे कारण हेच की त्यांस हरावयाचे नव्हते. जिंकण्याचा खरा प्रयत्न करून जो हरतो, त्याच्याच हरण्यास मोल आहे.

याबरोबरच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. अल्पमतवाल्याच्या हातूनही त्याच्याहून दुबळे कोणी बाहेर राहू शकते. गोखल्यांच्या बिलात सक्ती प्रथम मुलांपुरती होती. मुलींस ती पुढे लागू करता येईल, एवढीच सोय ठेविली होती. ज्या पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई व जोतीराव यांनी मुलींची शाळा काढिली, आणि ज्या बडोद्याचा दाखला दिला जाई तेथे मुलींसही सक्ती होती, ते ध्यानात घेता ही माघार सलते. निदान मुलांपुरते तरी मिळावे, या हिशेबाने ती केली असेल. आणि मिळाले तर तेही नाही. त्या सभागृहात मुलींच्या बाजूने हरणारे मतसुद्धा नव्हते, कारण तेथे बाईच नव्हती. यावरून हरणाऱ्या मताचे मोल कमी होत नाही, उलट अधिकच कळते. ज्यांच्या बाजूने कोणी हरावयासही उभा राहत नाही, त्यांची स्थिती हरणाऱ्यांहून कितीतरी वाईट असते.

बिल पडल्यानंतर गोखले फार दिवस जगले नाहीत. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचा अंत झाला. ज्यांच्याशी जन्मभर मतभेद झाला ते टिळक स्मशानात बोलावयास उभे राहिले, आणि त्यांनी जमलेल्या लोकांस या माणसाचा कित्ता गिरविण्यास सांगितले. आत राहणारा आणि बाहेरून झुंजणारा, यांच्यातील वाद त्या दिवशी मिटला असे नाही; तो आजही मिटलेला नाही. पण दोघांचेही काम खरे होते, एवढे त्या चितेसमोर तरी मान्य झाले.

वाचकांपैकी फारच थोड्यांस विधिमंडळात बसण्याचा प्रसंग येईल. परंतु सहकारी गृहसंस्थेची सर्वसाधारण सभा, शाळेची समिती, वाचनालयाचे कार्यकारी मंडळ, बँकेची वार्षिक सभा, यांपैकी कोठे ना कोठे आपण सारेच बसतो. तेथे ठराव वाचला जातो, सूचक व अनुमोदक यांची नावे घेतली जातात, आणि कोणी काही म्हणण्यापूर्वीच एकमताने मंजूर असे लिहून होते. ज्यास ते पटलेले नसते, तोही शेजाऱ्याकडे पाहून गप्प राहतो. घरी येऊन मात्र बायकामुलांपुढे सविस्तर बोलतो. अशा माणसाने बंड करावे, असे आमचे म्हणणे नाही. त्याने कागदपत्र वाचून यावे, आपले कारण दोन वाक्यांत सांगावे, मोजणीच्या वेळी हात वर करावा, आणि हरल्यावर चिटणिसास शांतपणे म्हणावे की, माझा विरोध प्रोसीडिंगात नोंदवून घ्या. मग पुढच्या सभेस, झाडलोटीचा विषय असला तरी, वेळेवर यावे.